विम्याच्या यादीत न बसणारे शोध

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आजारपणाचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येते. "विमा आला म्हणून अमरावती-अकोल्यात अँजिओप्लास्टी होऊ लागली, नाहीतर नागपूर गाठावे लागे. सरकारी दवाखान्यात नवीन काय होणार?" त्यापुढची पायरीही ठरलेली असते. आरोग्याचा विमा पूर्णपणे खाजगी कंपन्यांकडे द्यावा, त्यांच्यात स्पर्धा होईल आणि स्पर्धेतून नवे उपचार, नवी यंत्रे, नव्या पद्धती आपोआप येतील, असे म्हटले जाते. हे मत अडाण्यांचे नाही. त्यात तथ्याचा अंश आहे आणि म्हणूनच ते तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. तपासणीसाठी दूर जायचे कारण नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत वऱ्हाडात विम्याच्या दोन मोठ्या योजना राबवल्या गेल्या, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात त्याच्याही कितीतरी आधी एक निराळाच विमा ज्वारीवर चालला.

प्रथम विमा म्हणजे काय ते वर्गात करून पाहू. छत्तीस मुलांचा वर्ग घ्या. प्रत्येकाने एक चिंचोका मध्यभागी ठेवायचा आणि दोन फासे एकदा टाकायचे. दोन्हींवर सहा पडले तर तो विद्यार्थी 'आजारी', आणि त्याला छत्तीस चिंचोके द्यायचे. दोन सहा पडण्याची शक्यता छत्तिसांत एक असल्याने हिशेब सरासरीने जुळतो. पण एकाच वर्गात पाहिले तर शंभरपैकी सुमारे ३६ वेळा कोणीच आजारी पडत नाही, आणि सुमारे २६ वेळा दोन किंवा अधिक मुले आजारी पडून ढीग अपुरा पडतो. आता शाळेतले दहा वर्ग एकत्र करा. ३६० फेकींत सरासरी दहा आजारी येतील, आणि बहुतेक वेळा तो आकडा चार ते सोळा यांच्या दरम्यान राहील. एका वर्गात सरासरीइतकाच मोठा असणारा चढउतार दहा वर्गांत तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. विम्याचे सारे शास्त्र या एवढ्याशा खेळात आहे. माणसे जितकी अधिक, तितका अंदाज पक्का.

खेळात एक बदल करून पाहावा. ज्यांचे फासे वाईट आहेत हे त्यांना आधीच ठाऊक आहे, त्यांनाच चिंचोके ठेवू द्यावेत. ढीग लगेच संपतो. अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. तो टाळण्यासाठी विमा कंपनी एक तर सर्वांना एकदम सामील करून घेते, नाहीतर आजारी माणसाला बाहेर ठेवण्याच्या वाटा शोधते. या दुसऱ्या कामात कंपन्यांची कल्पकता फार चालते. पण शिक्षकांच्या खोलीत ज्या नावीन्याची चर्चा होते ते हे नव्हे.

आता वऱ्हाडातील पहिल्या योजनेकडे वळू. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना २००८ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातील पाच जणांना मिळून वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार, कुटुंबाने भरायचे फक्त ३० रुपये, उरलेला हप्ता केंद्राचा व राज्याचा. जिल्ह्याजिल्ह्यासाठी निविदा निघत आणि सरकारी विमा कंपन्यांबरोबर खाजगी कंपन्याही बोली लावत. म्हणजे 'खाजगी स्पर्धा आणा' हे म्हणणे येथे बऱ्याच अंशी अमलात आले होते. अमरावती जिल्ह्यातील या योजनेची अंमलबजावणी, तिचा वापर आणि लोकांचे मत यांवर तीन अभ्यासकांचा एक लेख २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शिक्षकांना शहरातील एखाद्या ग्रंथालयात तो मिळेल त्यांनी जरूर वाचावा. आपल्या जिल्ह्यातील सार्वजनिक योजनेची अशी तपासणी क्वचितच होते.

या योजनेत नवीन गोष्ट होती, हे आधी मान्य केले पाहिजे. गावात येऊन, बोटांचे ठसे घेऊन, तिथल्या तिथे छापून हातात दिलेले कार्ड, आणि ते कार्ड योजनेतील देशातल्या कोणत्याही रुग्णालयात चालणे ही त्या काळी साधी कामगिरी नव्हती. मजुरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या मेळघाटातील कुटुंबाला अशा कार्डाची खरी गरज होती. पण करार कसा होता ते पाहा. कंपनीला हप्ता मिळे तो कार्ड दिल्यावर, प्रत्येक कुटुंबामागे. कार्ड वाटणे कंपनीच्या हिताचे होते. ते वापरले जाणे मात्र तिच्या हिताचे नव्हते, कारण प्रत्येक दावा तिच्याच पैशातून जाणार. त्यामुळे कार्ड कसे काढायचे यावर जेवढे डोके चालले तेवढे ते कोठे आणि केव्हा दाखवायचे हे लोकांना समजावण्यावर चालण्याचे काही कारणच नव्हते. यात कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. पैसा ज्या बिंदूवर दिला जातो त्या बिंदूवर कल्पकता गोळा होते, एवढाच याचा अर्थ.

दुसरी योजना महाराष्ट्राची स्वतःची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत अमरावती होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, तेव्हा अकोलाही आला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांपासून सुरुवात झाली. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही घेण्यात आले. त्यांत वऱ्हाडातले सगळे जिल्हे होते. येथे विमा कंपनी सार्वजनिक क्षेत्रातील, पण अंगीकृत रुग्णालयांत खाजगी रुग्णालयांचा वाटा मोठा. सुरुवातीला कुटुंबामागे दीड लाख रुपयांचे संरक्षण आणि ९७२ उपचारांची यादी होती. शासन कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता देई.

या आकड्यांवर विद्यार्थ्यांकडून एक भागाकार करून घ्यावा. दीड लाखाला ३३३ ने भागले तर ४५० येतात. म्हणजे दर ४५० कुटुंबांत एकाने जरी पूर्ण रक्कम वापरली तरी साऱ्यांचा हप्ता संपला. २०२० मध्ये हप्ता ७९७ रुपये ठरला. तेव्हा तोच भागाकार १८८ देतो. समजा सरासरी उपचाराला २५,००० रुपये लागतात, तर ३३३ रुपयांच्या हप्त्यात पंचाहत्तर कुटुंबांतून एकाच्या उपचाराची सोय होते. यावरून हे ध्यानात येईल की अशी योजना यादीवरच का चालते. प्रत्येक उपचाराला नाव, प्रत्येक नावाला दर आणि त्यापूर्वी मंजुरी. यादी नसेल तर हिशेब बसत नाही.

यादीचा फायदा खरा आहे. मूर्तिजापूर किंवा अचलपूरकडच्या कपाशीवाल्या शेतकऱ्याच्या छातीत कळ आली आणि बैलजोडी न विकता त्याच्या हृदयातील रक्तवाहिनी उघडली, तर त्या घरापुरता हा चमत्कारच. रुग्णालयाच्या बाजूनेही तर्क सरळ आहे. अमुक शस्त्रक्रियेचे पैसे नक्की मिळणार असे दिसले की महागडे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी आणण्याचे धाडस होते. बर्टन वाइसब्रॉड या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९१ मध्ये एका दीर्घ लेखात दाखवले की विमा आणि तंत्रज्ञान एकमेकांना वाढवतात. विमा ज्याचे पैसे देतो त्या दिशेने संशोधन जाते, आणि नवे संशोधन महाग असल्याने लोकांना अधिक विमा हवासा वाटतो. म्हणजे विमा नावीन्य आणतो हे म्हणणे चूक नाही. तो कोणते नावीन्य आणतो, हे मात्र विचारायचे राहून जाते.

यादीतल्या उपचाराचे पैसे मिळतात म्हणून कधी कधी तो नको तेथेही होतो. २०१२ मध्ये छत्तीसगडात विमा कार्डावर केलेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. महाराष्ट्राने आपल्या योजनेत काही शस्त्रक्रिया केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या, हे शहाणपणाचे झाले. पण आमचा मुद्दा गैरवापराचा नाही. सर्वजण प्रामाणिक आहेत असे धरले तरी यादीची अडचण राहतेच.

ज्या शिक्षकांनी स्वतःच्या खर्चाने मेडिक्लेम घेतला असेल त्यांनी पॉलिसीची पुस्तिका उघडावी. भारतात १९८६ मध्ये मेडिक्लेम आला, १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना विम्याचे दार उघडले. या सर्व काळात एक व्याख्या टिकून राहिली. रुग्णालयात दाखल होणे म्हणजे किमान २४ तास. ही व्याख्या ठरली तेव्हा मोतीबिंदूच्या रुग्णाला कित्येक दिवस रुग्णालयात ठेवत. पुढे छेद लहान झाला, कृत्रिम भिंग आले, आणि रुग्ण सकाळी जाऊन दुपारी घरी येऊ लागला. मुतखडा ध्वनिलहरींनी फोडता येऊ लागला. उपचार सुधारला आणि नेमका त्याच कारणाने तो व्याख्येबाहेर पडला! मग २४ तासांना अपवाद म्हणून दिवसभराच्या उपचारांची वेगळी यादी जोडावी लागली. त्याहून बोलका प्रसंग २०१९ चा आहे. त्या वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने आदेश काढून बारा आधुनिक उपचारपद्धतींची नावे दिली आणि या पद्धती विम्यातून वगळता येणार नाहीत, असे कंपन्यांना बजावले. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया आणि तोंडाने घ्यायची कर्करोगाची औषधे त्यांत होती. मात्र त्यांच्या खर्चाला कमाल मर्यादा घालण्याची मोकळीक कंपन्यांना राहिली. स्पर्धेने नावीन्य आपोआप येत असते तर असा आदेश काढण्याची वेळ का आली असती?

खाजगी उद्योग आणि खाजगी विमा यांची येथे अनेकदा गल्लत होते, म्हणून एक परदेशी उदाहरण देतो. डोक्याचे सी.टी. स्कॅन आज अमरावतीत आणि अकोल्यात सहज होते. माणसाच्या मेंदूचे पहिले असे छायाचित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात घेतले गेले. यंत्र बनवणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड ई.एम.आय. या खाजगी कंपनीत काम करत होता. पण रुग्णालय होते ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे, आणि यंत्राच्या विकासाला पैशाची मदत तेथील आरोग्य खात्याने केली होती. विमा कंपनी या गोष्टीत कोठेच नाही. शोध खाजगी प्रयोगशाळेत लागू शकतो, सरकारी रुग्णालयात वाढू शकतो, आणि त्याचे बिल कोण भरतो हा तिसराच प्रश्न असतो.

आमच्या मते खरी अडचण आणखी खोल आहे, आणि ती समजण्यासाठी मद्रासचा एक प्रयोग पाहावा. १९५६ मध्ये तेथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र सुरू झाले. तोपर्यंत क्षय म्हटले की सॅनिटोरियम, म्हणजे महिनोन् महिने खाट, हवा, दूध-अंडी. केंद्राने काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी ठेवून तीच औषधे वर्षभर दिली. कोण कोठे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना रोग जास्त लागला असेही दिसले नाही. विसाव्या शतकातील आरोग्यशास्त्राचा हा एक मोठा शोध आहे, आणि त्याचे सार आहे 'खाट नको'. आता कल्पना करा की त्या वेळी सॅनिटोरियमच्या खाटेचे पैसे देणारा विमा देशभर आहे. कोणत्या रुग्णालयाने हा प्रयोग हाती घेतला असता? अमरावतीजवळ शिवाजीराव पटवर्धनांनी उभे केलेले तपोवन कुष्ठरुग्णांचे घर झाले. बहुविध औषधोपचार आल्यावर कुष्ठरोगीही आपल्याच घरी राहून बरा होऊ लागला. हाही खाट रिकामी करणारा शोध.

याच जातीचा तिसरा शोध विदर्भातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, इंजेक्शनसुद्धा. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. ज्या मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा आमच्या पिढीने १९९३ पासून ऐकली, त्या धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांना या शोधाची गरज कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक होती. धारणीहून अमरावतीचे डफरीन रुग्णालय जवळपास दीडशे किलोमीटर, वाटेत घाट. २०११ मध्ये देशभर हे काम आशांकडे आले आणि एका बाळाच्या घरभेटींच्या पूर्ण फेरीसाठी २५० रुपये मोबदला ठरला. तो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून दिला जातो. विम्यातून नव्हे, आणि विम्यातून देणे शक्यही नाही, कारण घरभेटीत दाखल होणे नाही, शस्त्रक्रिया नाही, पूर्वमंजुरीसाठी पाठवायचा फोटो नाही. बाळ निळे पडून अतिदक्षता विभागात पोचले की मग विम्याची यादी जागी होते.

विमा कंपनी हे काम स्वतःहून का करत नाही? करार वर्षाचा किंवा फार तर काही वर्षांचा असतो. आज पन्नाशीच्या शेतकऱ्याचा रक्तदाब मोजून गोळ्या चालू केल्या तर वाचणारा पक्षाघात आठ-दहा वर्षांनंतरचा. तोपर्यंत निविदा दुसऱ्याकडे गेलेली असेल. खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची, अशा व्यवहारात कोणीही पैसे घालत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तर बाह्यरुग्ण विभागातल्या; त्या वर सांगितलेल्या दोन्ही योजनांत मुळातच नव्हत्या. दर महिन्याला औषधाच्या दुकानात जाणारे हेच पैसे घराला हळूहळू पोखरतात.

सरकारी यंत्रणेचे गुणगान करण्याचा मात्र आमचा विचार नाही. मद्रासचा निष्कर्ष १९५९ चा, आणि सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला १९९७ मध्ये. आपल्याच देशातला शोध नीट वापरायला अडतीस वर्षे! गडचिरोलीचा प्रयोगही एका स्वयंसेवी संस्थेचा. अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार, तेथील डॉक्टरपुढच्या रांगेत उभे राहून पाहिलेल्या कोणालाही नावीन्याची अपेक्षा करण्याचा संकोच वाटेल. आम्हां शिक्षकांना नवोपक्रम स्पर्धेची सवय आहे. एकदा पारितोषिक मिळाले की उपक्रम फाइलीत जातो. आरोग्य खात्यात याहून वेगळे घडते असे नाही. पण फरक एवढा की सरकारी यंत्रणेला खाटा रिकाम्या झाल्याने तोटा होत नाही. हे शोध तिला स्वीकारता येतात. उशिरा का होईना.

शेवटी ज्वारीचा विमा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, आसपासच्या गावांत तो उभा केला. हंगामात प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. भूमिहीनाने थोडी, शेतवाल्याने शेताच्या मानाने अधिक. गावातल्या बहुसंख्य घरांनी, विशेषतः गरिबांनी भाग घेतला तरच ते गाव योजनेत येई. वरच्या खेळातील वाईट फाशांचा प्रश्न या अटीने सोडवला, आणि तोही गणिताचे नाव न घेता. अचानक आलेल्या आजाराला कस्तुरबा रुग्णालयात मोफत उपचार. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी कळणाऱ्या गोष्टींना बिलाचा काही भाग भरायचा. जमलेल्या धान्यातून गावातला आरोग्यसेवक आणि औषधे. म्हणजे खाट आणि घरभेट एकाच ढिगातून. या योजनेला मर्यादाही होती. रुग्णालयाचा खरा भार केंद्र व राज्य शासनाच्या अनुदानावर होता. नुसत्या ज्वारीवर तो चालला नसता. त्यामुळे ती जशीच्या तशी अकोल्याला उचलून आणता येणार नाही. पण हप्ता कोणी किती द्यायचा आणि ढिगातून कशाला द्यायचे हे गावसभेत बसून ठरत होते, ही गोष्ट आम्हांला ठसा घेणाऱ्या कार्डापेक्षा अधिक नवीन वाटते.

नववी-दहावीच्या वर्गात यावर एक काम देता येईल. मुलांनी घरातली किंवा शेजारची विम्याची पुस्तिका आणावी. दाखल होण्याची व्याख्या, अपवादांची यादी आणि वगळलेल्या गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. मग गावातल्या आशाताईंना भेटून त्यांनी गेल्या महिन्यात काय काय केले ते विचारावे, आणि त्यातले एकेक काम पुस्तिकेत कोठे बसते ते शोधावे. जी कामे बसली आणि जी बसली नाहीत, त्यांचे तक्ते आमच्याकडे जरूर पाठवावेत.